हातचे न राखता

पाच आकडे एकाखाली एक मांडले आहेत: १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७, ७७६८. खाली रेघ, रेघेखाली उत्तर: २६१०४. हे बरोबर आहे का, असं कुणी विचारलं तर आपण काय करणार? सगळी बेरीज पहिल्यापासून पुन्हा करणार. पण बेरीज करणाऱ्याने हातचे लिहून ठेवले असतील तर काम बदलतं. एककाच्या घरात ३४, म्हणजे ४ खाली आणि ३ हातचे. दशकात १७, शतकात २९, हजारात २३. खालचे अंक ३९७४; हातचे २२१३, एक घर डावीकडे सरकवून. आता चार माणसं एकेक घर तपासू शकतात, एकमेकांशी एक शब्दही न बोलता. पाचव्याने त्या शेवटच्या दोन ओळींची बेरीज पाहिली की झालं.

हे उदाहरण ॲलन ट्युरिंगचं आहे. केंब्रिजला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला आणि जूनमध्ये तिथेच एक परिषद भरली. तिथे २४ जूनला, म्हणजे वयाची ३७ वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ट्युरिंगने एक छोटा निबंध वाचला. विषय होता, मोठा प्रोग्राम तपासायचा कसा. छापील पानं तीन. प्रोग्राम बिनचूक असल्याची खात्री गणिताने पटवायची, या विचाराचं जे शास्त्र पुढे ‘फॉर्मल मेथड्स’ या नावाने उभं राहिलं, त्याचं बीज या तीन पानांत आहे. मी ती पुन्हापुन्हा वाचतो ती मात्र त्या हातच्यांसाठी.

हातचा ही शाळेतली सर्वांत खासगी गोष्ट. तो मनात धरायचा, बोटावर मोजायचा, फार तर पाटीच्या कोपऱ्यात लिहून लगेच पुसायचा. उत्तरात तो दिसत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याचंही तसंच असतं. ‘इथे पोचेपर्यंत ही यादी क्रमाने लागलेली असेल’, ‘ही संख्या शून्य असणार नाही’ असे शंभर हातचे त्याच्या डोक्यात असतात. लिहिल्या जातात फक्त आज्ञा. ट्युरिंगचं मागणं एवढंच: हातचं काही राखू नका. प्रोग्रामच्या ठरावीक जागांवर, त्या क्षणी काय खरं असायला हवं याची स्पष्ट विधानं लिहा. प्रत्येक विधान सुटंसुटं तपासता यावं आणि सगळी मिळून पूर्ण प्रोग्राम बरोबर ठरावा.

मला यातली माणसांची मांडणी फार मोलाची वाटते. निबंधात दोन माणसं आहेत, लिहिणारा आणि तपासणारा. तपासणाऱ्याला अख्खा प्रोग्राम डोक्यात साठवावा लागत नाही. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाताना विधान टिकतं का, एवढंच त्याने पाहायचं. अचाट बुद्धीची गरज तिथे उरत नाही, सचोटीने एकेक घर पाहणारा माणूस पुरतो.

उदाहरणासाठी त्याने निवडलाय क्रमगुणित, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, तोही गुणाकाराची आज्ञा न वापरता. पाचचा क्रमगुणित हवा तर चारचा क्रमगुणित पाच वेळा मिळवायचा. एका फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा. आकृतीतल्या चौकटींना अक्षरं दिलीत आणि शेजारी एक तक्ता आहे: कुठल्या चौकटीशी असताना स्मृतीच्या कुठल्या घरात काय असेल. या तक्त्यात लिहिलेले आहेत ते हातचेच. आणखी एक बारकावा सहज नजरेतून सुटेल असा आहे. अक्षरावर छोटी तिरपी खूण असेल तर ती चौकटीतलं काम झाल्यानंतरची किंमत, खूण नसेल तर आधीची. काळ ओलांडण्यासाठी एवढीशी खूण! लेस्ली लॅम्पोर्टने पुढे रचलेल्या टीएलए प्लस या भाषेतही पुढच्या स्थितीसाठी अशीच खूण वापरतात.

मग येतो माझा सर्वांत आवडता भाग. विधानं सगळी खरी आहेत, पण प्रोग्राम थांबेल कशावरून? ट्युरिंग म्हणतो, दर पावलाला घटत जाणारी एक राशी दाखवा. फेऱ्यात फेरा असल्याने साधी संख्या लगेच सापडत नाही. बाहेरचा फेरा एकदा पुढे सरकला की आतला पुन्हा पहिल्यापासून. अशी कल्पना करा की जवळ मोजक्या मोठ्या नोटा आहेत. एक मोडली की सुट्टे हवे तितके मिळतात. सुट्टे संपले की पुढची नोट मोडायची. सुट्टे कितीही मिळोत, नोटा परत येत नाहीत, म्हणून खर्च कधीतरी थांबणारच. यासाठी ट्युरिंग अनंतापलीकडचे क्रमांक वापरतो. हा त्याच्या जुन्या अभ्यासाचा, उच्च गणिताचा विषय. आणि लगेच, ज्याला ते जड वाटेल त्याच्यासाठी, दोनाच्या ८०व्या आणि ४०व्या घाताने तीच राशी साध्या पूर्णांकात मांडून देतो. हे दुसरं रूप देण्याची त्याला गरज नव्हती. ते दिलं यात मला त्याचा स्वभाव दिसतो.

निबंधाची दखल फारशी घेतली गेली नाही. रॉबर्ट फ्लॉइडने १९६७ मध्ये हाच विचार स्वतंत्रपणे मांडला आणि टोनी होअरने १९६९ मध्ये तो अधिक पक्का केला. नंतरचा प्रवास मोठा आहे. इथे त्यातली तीनच ठिकाणं घेतो. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एसईएल४ हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा बिनचूक असल्याचं सिद्ध केलं. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी आणि त्यांची सिद्धता सुमारे दोन लाख ओळींची. मूळ बेरजेच्या वीसपटीहून जास्त हातचे! एवढा खर्च सगळीकडे परवडत नाही, हे मान्य. पण पॅरिस मेट्रोच्या १९९८ मध्ये सुरू झालेल्या, चालकाविना धावणाऱ्या १४ क्रमांकाच्या मार्गासाठी सुरक्षेचा प्रोग्राम अशाच सिद्धतेने लिहिला गेला. तिथे तो परवडला नाही असं कोण म्हणेल?

तिसरं ठिकाण टिमसॉर्टचं. टिम पीटर्सने पायथनसाठी २००२ मध्ये रचलेली ही क्रम लावण्याची रीत पुढे जावा आणि अँड्रॉइडमध्येही गेली. ती आधीच क्रमात असलेले तुकडे चळतीत रचते. नियम असा की लागोपाठच्या तीन तुकड्यांत खालचा वरच्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. हा नियम टिपणीत स्पष्ट लिहिलेला होता आणि चळतीला किती जागा लागेल ते त्यावरूनच ठरवलेलं होतं. अगणित यंत्रांवर वर्षानुवर्षं सगळं नीट चाललं. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी साथीदारांसह जावातली ही रीत सिद्ध करायला घेतली आणि सिद्धता अडली. प्रोग्राम नियम तपासत होता तो फक्त चळतीच्या वरच्या टोकाशी. खोलवर तो मोडू शकत होता. त्यांनी मुद्दाम तसा साठा रचून जावाचा प्रोग्राम कोसळताना दाखवला. चाचण्यांना जे सापडलं नव्हतं ते एका लिहून ठेवलेल्या हातच्यामुळे सापडलं. हातचा चुकला होता, पण कागदावर होता म्हणून त्यावर बोट ठेवता आलं.

अर्थात वरचे पाच आकडेच चुकीचे उतरवून घेतले असतील तर हातचे कितीही नेटके असून उपयोग नाही. काय हवं होतं, हे माणसानेच सांगायचं असतं.

ट्युरिंगच्या निबंधाचंही उतरवताना असंच झालं. क्रमगुणितासाठी तो जुनी खूण वापरायचा, अक्षराच्या डाव्या आणि खालच्या बाजूने काढलेला काटकोन. छापील प्रतीत त्या खुणांचे घोटाळे झाले, काही अक्षरंही चुकली. १९८४ मध्ये लॉकवूड मॉरिस आणि क्लिफ जोन्स यांनी तो निबंध दुरुस्त करून पुन्हा छापला. ती दुरुस्त प्रत शेजारी ठेवून मी एकदा पेन्सिल घेऊन बसलो होतो. चारचा क्रमगुणित, एकेक चौकट. तक्त्यातली एक खूण मुद्दाम पुसली, तर पुढच्याच चौकटीत २४ येईना. खूण परत काढली आणि २४ आले.