अभाव आणि आकृतिबंध

अल्प भांडवलावर उभ्या राहिलेल्या चित्रपटांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात एक प्रसंग हटकून येतो : पत्नीच्या दागिन्यांचा. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. चाळीस वर्षांनी कलकत्त्यात सत्यजित राय यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकली, संग्रहातल्या ध्वनिमुद्रिका विकल्या, बिजोया राय यांचे दागिने सावकाराकडे गेले, आणि 1955 मध्ये ‘पथेर पांचाली’ पूर्ण झाला. दोन्ही घटना खऱ्या आहेत. आक्षेप घटनांना नाही, त्यांना मिळालेल्या कथारूपाला आहे. सर्वस्व जाते, पत्नी विकली जाते, सत्त्व ढळत नाही आणि अखेरीस गेलेले सारे परत मिळते, हे हरिश्चंद्राचेच आख्यान. फाळक्यांचे चरित्र आपण त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या कथानकात ओतले, आणि पुढे प्रत्येक निर्धन दिग्दर्शकाला त्याच साच्यात बसवत आलो. एकदा ही सत्त्वपरीक्षा सांगून झाली की चित्रपटाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. प्रेक्षकाने फक्त हात जोडायचे.

या वृत्तीच्या विरुद्ध टोकाला कलाकृतीच्या स्वायत्ततेचा सिद्धान्त उभा आहे. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ 1955 सालचे, म्हणजे ‘पथेर पांचाली’च्याच वर्षीचे. माध्यमाची लयबद्ध संघटना हाच कलाकृतीचा गाभा मानला, तर ती संघटना कोणत्या अडचणींतून साधली हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर पडतो. साहित्याच्या बाबतीत हे काही अंशी चालून जाते, कारण शब्द फुटांवर विकत घ्यावे लागत नाहीत. चित्रपटाचे मात्र माध्यमच विकतचे असते. 35 मिलिमीटरच्या 1000 फूट फिल्मवर जेमतेम 11 मिनिटांचे चित्रण मावते. पुनर्चित्रण करायचे तर तेवढी फिल्म पुन्हा विकत आणावी लागते. येथे लय आणि हिशेब एकाच पट्टीवर मोजले जातात. त्यामुळे निर्मितीच्या अटी बाजूला सारून चित्रपटाच्या रूपाविषयी बोलणे हे, काव्याच्या रूपाविषयी भाषा वगळून बोलण्यासारखे होईल.

परंतु या अटी वाचायच्या कशा? येथे दंतकथेपासून सावध राहिले पाहिजे. रॉबेर्तो रोसेलिनी यांच्या ‘रोम, ओपन सिटी’ (1945) या चित्रपटाविषयी वर्षानुवर्षे सांगितले गेले की, युद्धाने होरपळलेल्या रोममध्ये मिळतील ते फिल्मचे तुकडे जोडून तो चित्रित झाला आणि त्यातली खडबडीत, असमान प्रतिमा ही त्या तुकड्यांची खूण आहे. नववास्तववादाच्या सौंदर्यशास्त्राचा बराच भार या कथेवर टाकला गेला. 1990 च्या दशकात मूळ निगेटिव्हचे पुनरुज्जीवन करताना असे दिसून आले की, त्यात फिल्मचे केवळ तीनच प्रकार वापरलेले आहेत. असमानतेचा दोष तुकड्यांकडे नव्हे तर प्रयोगशाळेतल्या निकृष्ट प्रक्रियेकडे जातो. म्हणजे समीक्षकांनी प्रतिमेचा अर्थ प्रतिमेवरून लावलाच नव्हता. ऐकलेली गोष्ट प्रतिमेवर लादली होती.

‘पथेर पांचाली’बाबत सुदैवाने राय यांनी स्वतः तपशिलाने लिहून ठेवले आहे. 27 ऑक्टोबर 1952 रोजी पालसित येथे काशफुलांच्या रानात अपू आणि दुर्गा आगगाडी पाहतात त्या प्रसंगाचे चित्रण सुरू झाले. राय तेव्हा जाहिरातसंस्थेत नोकरीला होते, त्यामुळे काम रविवारी. पुढच्या रविवारी मंडळी पोहोचली तेव्हा गुरांनी फुले खाऊन टाकली होती, आणि उरलेल्या भागासाठी पुढच्या शरदाची वाट पाहावी लागली. आपण पडद्यावर जी एक अखंड दुपार पाहतो, ती दोन शरदांची जोडणी आहे. पुढे पैसे संपले की काम थांबे, आले की सुरू होई. सर्वजया अपूला भरवते आणि भुलो कुत्रा आशेने त्या घासाकडे पाहत राहतो, तो प्रसंग अर्ध्यावर असताना उजेड गेला आणि पैसेही संपले. सुमारे सहा महिन्यांनी काम सुरू झाले तेव्हा तो कुत्रा मेला होता. उरलेला घास दुसऱ्याच, तशाच दिसणाऱ्या कुत्र्याने खाल्ला. मिठाईवाल्याची भूमिका करणारे गृहस्थही मधल्या काळात वारले. बांबूच्या बनातून एक मिठाईवाला बाहेर येतो आणि मुखर्जींच्या फाटकातून दुसराच, कॅमेऱ्याकडे पाठ करून, आत जातो. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी हयात राहिल्या, हे राय यांच्या मते तीन चमत्कार होते.

हे सारे किस्से म्हणून रंजक आहेत आणि बहुधा किस्से म्हणूनच सांगितले जातात. माझ्या मते त्यांचे महत्त्व वेगळे आहे. पैशाच्या अभावाची किंमत येथे काळाच्या नाण्यात मोजली गेली. मोठ्या स्टुडिओत काळ वाचवण्यासाठी पैसा खर्चतात. येथे पैसा नाही म्हणून काळ खर्चला गेला. आणि काळ ही तर चित्रपटाची मूळ सामग्री. म्हणून खरा प्रश्न असा की, असा तुटक, परस्वाधीन काळ पोटात घेऊनही न मोडणारा आकृतिबंध राय यांना कोठून मिळाला?

‘अभावातून सौंदर्य जन्मले’ हे याचे सोपे उत्तर चुकीचे आहे. चित्रणापूर्वीच राय यांनी प्रसंगांची रेखाटने करून एक चित्रवही सिद्ध केली होती. रूपाचा विचार अभावाच्या आधीचा आहे. परंतु ते रूप प्रसंगांच्या सैल माळेचे होते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीतून घेतलेली ती रचना ऋतूंच्या क्रमाने चालते. एका प्रसंगाचा निकाल लागल्यावाचून दुसरा अडत नाही. पत्राची वाट पाहणे, पावसाची वाट पाहणे हीच तिची गती. तारांकित नट आणि घट्ट गाठीचे कथानक असलेला चित्रपट एवढ्या खंडांनी विस्कटला असता. अल्पखर्ची दिग्दर्शकापुढचे खरे आव्हान पैसा मिळवण्यापेक्षा खंड सोसू शकेल असे रूप शोधण्याचे असते, असे मला म्हणायचे आहे. फाळक्यांनाही असे रूप उपलब्ध होते. हरिश्चंद्राचे आख्यान प्रेक्षकाला तोंडपाठ, म्हणून मधल्या गाळलेल्या जागा तोच भरून काढी. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळाली नाही म्हणून खाणावळीत काम करणारे साळुंके उभे राहिले, तेही रंगभूमीवरील स्त्रीपार्टाची सवय झालेल्या प्रेक्षकाला खटकले नसावे. (ही उणीव अर्थात पैशाची नव्हती, समाजाची होती, आपले लेखक दोन्हींचा एकाच श्वासात उल्लेख करतात.)

येथवर हिशेब रूपाचा झाला. दुसरा हिशेब श्रमांचा आहे, आणि सत्त्वपरीक्षेचे आख्यान तो हमखास झाकते. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले एवढेच आपण सांगतो. रात्री कच्च्या फिल्मच्या कडांना त्या भोके पाडत, रसायने कालवत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि साऱ्या चमूचा स्वयंपाकही करत. हे तांत्रिक काम आहे, त्याग नव्हे. परंतु ‘त्याग’ म्हटले की मजुरीचा प्रश्न मिटतो. चुनीबालादेवींना दिवसाला 20 रुपये ठरले होते, ही नोंद मला दागिन्यांच्या गोष्टीपेक्षा अधिक बोलकी वाटते. निदान तेथे एक करार आहे.

कच्ची फिल्म गेली, अंकीय कॅमेरा आला, आणि अभाव संपल्याची ग्वाही सर्वत्र दिली जाऊ लागली. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) या संदर्भात पाहण्यासारखा आहे. न्यायालयाचे दूरस्थ, स्थिर, दीर्घ चित्रण पाहून त्याला काटकसरीची शैली म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः दहा-पंधरा माणसे एकाच चौकटीत, मधे न तोडता, काम करत असताना एकाचा शब्द चुकला तर साऱ्यांनाच पुन्हा आरंभ करावा लागतो. त्यात व्यवसायाने नट नसलेली माणसे असतील तर अधिकच. हे रूप खंड सोसणारे नाही. ‘पथेर पांचाली’त एका कुत्र्याच्या जागी दुसरा आणता आला, कारण मधे तोड होती. येथे तोडच नाही, म्हणून सर्वांचा दिवस एकाच वेळी विकत घ्यावा लागतो. अंकीय स्मृतिपत्राला प्रयत्नांची मोजदाद नसते, पण पंधराव्या प्रयत्नासाठी साक्षीदाराच्या बाकावर बसून राहिलेल्या माणसाचा तो दिवस असतोच, आणि तो कोणाच्या खात्यावर पडला हे श्रेयनामावलीवरून कळत नाही.