‘बाहुबली’ची पूर्वकथा आणि सर्वनामांचा प्रश्न

एस. एस. राजामौली यांचा ‘बाहुबली’ हा अद्भुतरम्य तेलुगू चित्रपट २०१५ साली आला. त्यावरून २०१७ मध्ये ‘द लॉस्ट लेजंड्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका निघाली. तिचे कथानक चित्रपटाच्या मागे जाते : सिंहासनाचा निर्णय व्हावयाचा आहे, बाहुबली व भल्लालदेव हे चुलतबंधू शिवगामीच्या छायेत वाढत आहेत. शेवट प्रेक्षकास ठाऊकच आहे. आदिपर्व ऐकणारा श्रोताही कुरुक्षेत्र विसरत नाही. अशा पूर्वकथेचा रस वैर कसे अंकुरते यात असतो. मालिकेचा भर मात्र साहसांवर आहे.

हे वैर प्रथम संबोधनात उमटावयास हवे. तेलुगूत ‘नुव्वु’ व ‘मीरु’ हा भेद आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजीत एकच सर्वनाम सर्वांस पुरते. देगलूर-बिलोलीच्या बाजारात दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यास हा भेद शिकवावा लागत नाही. भावास ‘तू’ म्हणणारा भल्लालदेव ज्या क्षणी ‘आपण’ म्हणेल, त्या क्षणी आदर वाढलेला नसतो, आपलेपणा सरलेला असतो.

मूळ चित्रपट २०२१ मध्ये मराठीत आला. मालिका मराठीत आणू पाहणाऱ्याने केवळ ओठांची हालचाल जुळवून भागणार नाही. कोणत्या प्रसंगी कोणते सर्वनाम, हे ठरविताना तो कथेचा अर्थच ठरवीत असतो. नांदेड-लातूरच्या वर्गांत भाषांतर शिकविताना ही जबाबदारी व्याकरणाची नव्हे, समीक्षेची मानावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.