‘एम्प्टी’ या इंग्रजी शब्दाची मराठी रूपे : एक चिकित्सा

इंग्रजीतील ‘एम्प्टी’ हा शब्द शाळकरी विद्यार्थ्यालाही परिचित असतो. तथापि पदव्युत्तर वर्गात भाषांतर हा घटक शिकवीत असताना हाच शब्द सर्वाधिक फसवा ठरतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. विद्यार्थी त्यासाठी सरसकट ‘रिकामा’ लिहितात. समीक्षक सरसकट ‘शून्य’, ‘पोकळी’ अथवा ‘रितेपण’. दोन्ही सवयींत मराठीची मोठी शब्दसंपत्ती वाया जाते, आणि केवळ शब्दच वाया जातात असेही नाही.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. प्राचीन इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाचा एक अर्थ ‘सवड असलेला, कामात नसलेला’ असा होता. मधला ‘प’ हा उच्चार नंतर आला आणि सवडीचा अर्थ मागे पडला. मराठी ‘रिकामा’ने मात्र दोन्ही अर्थ आजतागायत सांभाळले आहेत. डबा रिकामा असतो आणि माणूसही रिकामा असतो; ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण त्यावरच उभी आहे. म्हणूनच टी. एस. एलियट यांच्या ‘द हॉलो मेन’ (१९२५) या कवितेच्या शीर्षकाचे भाषांतर ‘रिकामी माणसे’ असे झाल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पारावर बसलेली मंडळी येतील. तेथे ‘पोकळ’ हाच शब्द हवा. ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणणाऱ्या समाजाला त्यातील आतून नसणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याउलट पीटर ब्रुक यांच्या ‘द एम्प्टी स्पेस’ (१९६८) या नाट्यविषयक ग्रंथातील ‘एम्प्टी’ उणिवेचा नसून शक्यतेचा आहे. तेथे ‘मोकळी जागा’ म्हटले तरच आशय हाती लागतो.

साठोत्तरी मराठी समीक्षेत अस्तित्ववादाच्या परिचयानंतर ‘शून्य’, ‘पोकळी’ आणि ‘रितेपण’ हे शब्द परस्परांचे पर्याय असल्याप्रमाणे वापरले जाऊ लागले. वस्तुतः ‘शून्य’ हा शब्द ‘फुगणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूशी जोडला जातो. त्यामागे बौद्ध विचाराची आणि गणिताची दीर्घ परंपरा आहे. अरबीमार्गे युरोपात पोहोचलेली ‘झीरो’ ही संज्ञाही त्याच्याच कुळातली. ‘रिता’ हा ‘रिक्त’पासून आलेला घरगुती शब्द असून त्यात पूर्वी काही भरलेले होते हे गृहीत असते. ‘पोकळी’ला मात्र भोवतीची भिंत लागते. प्रत्येक शोकसभेत ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ निर्माण होत गेल्याने हा तिसरा शब्द आता स्वतःच पोकळ झाला आहे, हे खेदाने नोंदवावे लागते.

हा भेद केवळ कोशगत नाही. लातूर शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या रेल्वेचे पाणी प्यायले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात नळाशी ठेवलेली घागर ‘रिती’ होती. तिला ‘शून्य’ म्हणणारा समीक्षक तहानेचे तत्त्वज्ञान करतो आणि तहान विसरतो. तसेच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचे. किल्लारी परिसरातील गावे नव्या जागी वसविली गेली. जुन्या गावठाणांना लोक ‘रिकामी’ म्हणत नाहीत, ‘ओस’ म्हणतात. रिकामे घर संध्याकाळी माणसे परतली की भरते. ‘ओस’ या शब्दात परतणे नाही, मात्र राहून गेलेल्यांची आठवण आहे. इंग्रजीत एका शब्दात हे सांगता येईल, असे मला वाटत नाही. मराठवाड्यातील ग्रामीण साहित्याचे मूल्यमापन करताना ‘अस्तित्वाची रिक्तता’ हे आयते सूत्र लावणाऱ्यांनी निदान या दोन शब्दांपाशी थांबावयास हवे.

‘कोरा’ या शब्दाची कथा निराळीच आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविले आणि त्याच्या उत्तरादाखल ६५ ओव्या रचल्या गेल्या, अशी परंपरा आहे. इतकी वर्षे तप करूनही हा कोराच, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात. तेथे ‘कोरा’ हा दोष आहे. आजच्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी असते. उताऱ्यावर कर्जाचा बोजा नसणे हे येथे भाग्य आहे; काही नसणेच हवेसे वाटावे, असा हा दुर्मीळ प्रयोग होय. (दूध नसलेल्या चहालाही आपण कोराच म्हणतो, पण ती बाब वेगळी.)

दख्खनी उर्दूच्या सहवासाने आपल्याकडे ‘खाली’ हाही शब्द आला आहे. घर ‘खाली’ केले जाते. तबल्यात त्रितालाची नववी मात्रा ‘खाली’ची असते, तेथे टाळी नसते, पण मात्रा मोजलेली असतेच.

राहिला प्रशासनाचा ‘रिक्त’. महाविद्यालयीन शिक्षकाला हा शब्द सर्वाधिक जवळचा आहे. प्रस्तुत लेखकाने एम.फिल. झाल्यानंतर सहा वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन केले. ज्या पदाचे तास तो घेत होता, ते पद दरवर्षीच्या कार्यालयीन अहवालात ‘रिक्त’ असेच नोंदले जाई. वर्ग भरलेला असे, फळा भरलेला असे, उत्तरपत्रिका तपासल्या जात. तेव्हा ‘रिक्त’ हा शब्द खुर्चीविषयी बोलतो, तासाविषयी नाही, एवढे ध्यानात आले. ‘व्हेकन्ट’साठी हा प्रतिशब्द योग्यच आहे, त्याचे उदाहरणवाक्य वर्गात देताना मात्र अजूनही थोडे अडखळावयास होते.