ठरलेल्या सुरांची मैफल

आपल्या मंडळींत गाण्याविषयी बोलणे निघाले की एक कसोटी न सांगताच गृहीत धरली जाते. गवयाने आज नवे काय केले? राग तोच, बंदिश तीच; पण कालच्या मैफलीत नसलेली एखादी जागा आज त्याला सापडली की नाही? सापडली तर मान डोलवावी, नाही तर शिष्टाचार म्हणून शेवटपर्यंत बसावे. या गुणाला आपण 'उपज' म्हणतो आणि तिच्यावाचून संगीत म्हणजे नुसते पाठांतर, असे मानतो. बुऱ्हाणपुरातील जुन्या मराठी घरांत, गणेशोत्सवातल्या मैफली ऐकत, माझाही कान याच कसोटीवर घडला. तिला पहिला धक्का बसला तो मुंबईत, एका इंग्रज गायकाच्या रॉक कार्यक्रमात. तो धक्का योग्य होता की माझा कान अपुरा होता, याचा विचार मी पुष्कळ वर्षे टाळला. आता तो करावासा वाटतो.

रविवार, 18 फेब्रुवारी 2007 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएच्या मैदानावर रॉजर वॉटर्स यांचा कार्यक्रम होता. माझा मुलगा तेव्हा मुंबईत शिकत होता. त्याने दोन तिकिटे काढली आणि दूरध्वनीवर एवढेच म्हणाला, "बाबा, एकदा याच." मी गेलो तो संगीताच्या ओढीने नव्हे. घरात बंद दाराआड हा मुलगा तासन्‌तास काय ऐकतो, हे एकदा समजून घ्यावे, एवढाच हेतू होता.

ज्या संगीतप्रकाराला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, त्याचे भाषांतर 'पुरोगामी' असे केले तर फसगत होईल. येथे राजकीय विचाराचा संबंध नाही; गाण्याचा आकार पुढे नेण्याचा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकवृंदांना तीन मिनिटांच्या गाण्याचा साचा अपुरा वाटू लागला. पिंक फ्लॉइड, किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल ही त्यांतली ठळक नावे. तबकडीची वीस-बावीस मिनिटांची एक बाजू हाच त्यांनी रचनेचा घटक मानला, विषम मात्रांचे ठेके घेतले, आणि सुटी गाणी देण्याऐवजी एका कल्पनेत ओवलेली मालिका देऊ केली. मराठी रसिकाला या वाऱ्याची झुळूक लागलीच नव्हती असे नाही. 1978 मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. मुळात ब्रेश्टचे असलेल्या या नाटकाच्या संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या जोडीला नंदू भेंडे होते आणि नायकाची भूमिकाही भेंडे यांनीच केली होती. 1974 मध्ये मुंबईत अलेक पदमसी यांच्या इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' नाटकात जूडास गाणारा हा आत्माराम भेंडे यांचा मुलगा मराठीत रॉकच्या अंगाने गायला, तेव्हा ते परके वाटले नाही. खेद एवढाच की त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही.

त्या रात्रीचा मुख्य भाग होता 'द डार्क साइड ऑफ द मून' ही मालिका. पिंक फ्लॉइडची ही तबकडी मार्च 1973 मध्ये निघाली. वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे चौघे तिचे कर्ते. शब्द सगळे वॉटर्स यांचे. सुमारे 43 मिनिटांच्या या रचनेचा विषय आपल्या संतांना नवा वाटला नसता. हातातून निसटणारा काळ, पैशाचा हव्यास, मृत्यूची चाहूल आणि बुद्धीचा तोल जाणे, एवढाच तो आहे. शेवटच्या विषयामागे खरा माणूस होता. या वृंदाचा पहिला प्रमुख सिड बॅरेट मानसिक आजारामुळे 1968 मध्येच बाहेर पडला आणि पुढचे आयुष्य त्याने एकांतात काढले. मुंबईच्या कार्यक्रमाच्या सात महिने आधी, जुलै 2006 मध्ये तो वारला होता.

कार्यक्रमाची बांधणी लक्षात आली तेव्हा मला आपले नारदीय कीर्तन आठवले. पूर्वरंगात वेगवेगळ्या काळांतील सुटी गाणी, मग मध्यंतर, आणि उत्तररंगात एकच सलग आख्यान. आरंभी काळजाचे ठोके ऐकू येतात आणि अखेरीस तेच ठोके विरत जातात. मधल्या वेळात टाळ्यांसाठीही रचना थांबत नाही. एक गाणे दुसऱ्यात वाहत जाते. तीन-तीन तास कीर्तनात मांडी न मोडणाऱ्या माणसाला ही लांबी जड वाटण्याचे कारण नव्हते आणि ती वाटलीही नाही.

मला प्रथम पकडले ते 'मनी' या गाण्याने. नाणी पडणे, कागद फाटणे, गल्ल्याचे यंत्र वाजणे, असे आवाज ध्वनिफितीवर घेऊन, तिचे तुकडे मोजून जोडून त्याचा ठेका तयार केला आहे. तो फिरू लागला आणि मला आपल्या गावातील मागांची खटखट आठवली. ज्याने बुऱ्हाणपुरात बालपण काढले, त्याला यंत्राच्या आवर्तनात ताल असतो हे शिकवावे लागत नाही. मी नकळत तळहातावर मोजू लागलो. सात मात्रा! म्हणजे रूपक की काय? पण मोजणी जुळेना. रूपकात पहिलीच मात्रा खाली असते, आवर्तन हलक्या पावलाने सुरू होते. येथे पहिल्याच मात्रेवर सगळा भार. मुलगा माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "बाबा, सम शोधताय ना? पुढे गिटार सुरू झाली की बघा." गिटारचे एकल वादन आले आणि सातांचा ठेका सरळ चारांत मोकळा झाला. अडवून धरलेले पाणी सुटावे तसे वाटले. पैशाला लंगडती सात पावले आणि वादकाला मोकळे मैदान, ही योजना ज्याला सुचली तो लहान रचनाकार नव्हे, हे मी तेव्हाच मान्य केले.

तरीही परतीच्या गाडीत माझे मत प्रतिकूलच होते. कारण असे की त्या रात्री काहीच 'घडले' नव्हते. घड्याळांचा गजर, मागून येणारी माणसांची बोलणी, पडद्यावरचा चित्रपट हे सगळे आधीच मुद्रित होते आणि वादक त्याच्याशी पाऊल जुळवून चालत होते. आपल्या संगीत नाटकांत पदही ठरलेलेच असायचे. पण प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर' आला की नट ते पुन्हा घ्यायचा, आणि दुसऱ्यांदा घेताना वेगळे घ्यायचा. नाटक थांबायचे, गाणे वाढायचे. येथे 'वन्स मोअर' शक्यच नव्हता, कारण पडद्यावरची चित्रफीत कोणासाठी थांबत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे 'द ग्रेट गिग इन द स्काय'. शब्द नसलेले हे गाणे म्हणजे पियानोवर झेपावणारा एक स्त्रीचा आर्त स्वर आहे. आपण त्याला आलाप म्हणू. मूळ तबकडीत तो क्लेअर टॉरी या गायिकेचा आहे. जानेवारी 1973 मध्ये तिला स्टुडिओत बोलावले गेले, रचना मृत्यूविषयी आहे असे सांगितले गेले आणि गायला उभे केले. जे ती गायली ते तिथल्या तिथे सुचलेले होते. म्हणजे निखळ उपज. मानधन मिळाले 30 पौंड. पुढे 2004 मध्ये ती न्यायालयात गेली आणि 2005 मध्ये झालेल्या तडजोडीनंतर सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागले. न्याय झाला, पण गाण्याचे पुढे काय झाले? जी गायिका आज ते गाते, ती टॉरीच्या त्या क्षणीच्या उद्गारांच्याच वाटेने जाते. एका बाईला एकदा सुचले आणि नंतरच्या सगळ्यांनी ते पाठ केले. मुंबईतही ते तसेच, निर्दोष गायले गेले. लोकांनी डोक्यावर घेतले. मला मात्र वाटले, ही उपजेची समाधी आहे.

हा माझा आक्षेप आजही मी सोडलेला नाही. पण तो अपुरा आहे, हे दोन गोष्टींनी मला शिकवले.

पहिली गोष्ट मी त्या रात्रीच पाहिली होती, उमगली उशिरा. भोवतीच्या हजारो तरुणांना प्रत्येक शब्द पाठ होता. अखेरीस 'द वॉल' या 1979 च्या मालिकेतील गाणी आली, तेव्हा गायकाच्या आवाजाहून मैदानाचा आवाज मोठा होता. ते नवे ऐकायला आलेच नव्हते. एकट्याने दार लावून जे ऐकले, ते सर्वांबरोबर म्हणायला आले होते. आपण आरतीला उभे राहतो तेव्हा कोणी नवी जागा घेतली का, असे विचारतो काय? एदलाबादच्या मुक्ताईची पालखी पंढरीकडे निघते, तेव्हा दिंडीत कोणी उपजेची अपेक्षा करत नाही. ठरलेले सूर पुन्हा म्हणण्यात एक वेगळे सुख आहे आणि एक वेगळे काम आहे: पांगलेल्यांना एकत्र धरण्याचे. मी मैफलीची मोजपट्टी दिंडीला लावत होतो.

याच संदर्भात एक योगायोग नंतर वाचनात आला. वॉटर्स यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, 18 फेब्रुवारी 1944 रोजी. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. म्हणजे मुंबईत तो गायला ती तारीख वडिलांच्या पुण्यतिथीची होती. त्या दौऱ्याच्या पूर्वरंगात वडिलांचे 'फ्लेचर' हे नाव शीर्षकात घेऊन लिहिलेले एक गाणे असे, आणि कीबोर्डवर साथीला वॉटर्स यांचा मुलगा हॅरी बसत असे. न पाहिलेल्या बापाविषयी तेच तेच गाणे गावोगाव म्हणणे याला निव्वळ पाठांतर म्हणण्याचे धाडस आता माझ्याने होत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. ही मालिका तबकडीवर येण्यापूर्वी 1972 चे जवळजवळ पूर्ण वर्ष श्रोत्यांसमोर वाजवली जात होती आणि वाजता वाजता बदलत होती. काही भाग गळले, काहींचे रूप पालटले. ज्या जागी पुढे टॉरीचा आलाप आला, तेथे आधी ऑर्गन आणि बायबलमधील वचनांचे वाचन होते. म्हणजे उपज नव्हतीच असे नाही. ती आधी होऊन गेली होती आणि आपण पाहिले ते तिचे घट्ट झालेले रूप. त्याचे पुढचे पाऊल ऑक्टोबर 2023 मध्ये पडले. वयाची 80 वर्षे पूर्ण केलेल्या वॉटर्स यांनी हीच मालिका एकट्याने नव्याने मुद्रित करून प्रसिद्ध केली. तीत गिटारचे ते मोकळे वादन नाही. टॉरीचा गगनाला भिडणारा स्वरही नाही. त्याच्या जागी एका मित्राच्या अखेरच्या दिवसांची हकिगत खर्जातल्या आवाजात सांगितली आहे. पुष्कळ चाहते नाराज झाले. कलाकृती म्हणून ती मूळ रचनेच्या तोडीची नाही, असे माझेही मत आहे. खर्ज एकसुरी होतो आणि जेथे गाणे हवे तेथे बोलणे येते. पण एका गोष्टीसाठी मी तिला मान देतो. तीस वर्षांच्या आतल्या तरुणाने मृत्यूविषयी जे कल्पनेने लिहिले, ते 80 वर्षांच्या माणसाने अनुभवाने पुन्हा उच्चारले. जगाने पाठ केलेली रचना मोडण्याचा अधिकार कर्त्याने वापरला. उतारवयातील ही उपज अडखळती आहे, पण जिवंत आहे.

तेव्हा माझी कसोटी आता अशी आहे: ठरलेले सूर वाईट नव्हेत, त्यांच्यावरच समाज टिकतो, मात्र ते मोडून नव्याने म्हणणारा कोणीच उरला नाही, तर टिकते ते केवळ कवच.

हे मी रॉक संगीताविषयी म्हणत आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर आपलीच घरे आहेत. तापीकाठच्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण मराठी जपली ती कशाने? आरत्यांनी, मनाच्या श्लोकांनी, नाट्यपदांनी. म्हणजे ठरलेल्या सुरांनीच. त्यांचे ऋण मोठे आहे. माझ्या नातवाला गणपतीच्या सगळ्या आरत्या येतात, एक शब्द चुकत नाही. पण खेळताना बहिणीशी भांडण झाले की तो हिंदीत भांडतो. रागावताना, थट्टा करताना, सबब सांगताना, म्हणजे जेथे आयत्या वेळी सुचावे लागते तेथे, मराठी त्याच्या मदतीला येत नाही. आमच्या घरी मराठीची तबकडी उत्तम वाजते; मैफल संपत आली आहे.

मागच्या दिवाळीत तो माझ्याशी प्रथमच मराठीत भांडला. फटाक्यांवरून. तीन वाक्यांत दोन लिंगे चुकली आणि एक क्रियापद हिंदी आले. मुलगा त्याला सुधारायला पुढे झाला. मी म्हटले, "असू दे, त्याला बोलू दे."