औषधाला परवानगी, खेळायला नाही

"ट्रान्स खेळाडूंना डोपिंगमधून सूट मिळते म्हणे!" हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. मी ते इथे सिंगापूरमध्ये गणपतीच्या जेवणाला ऐकलं. बोलणारा माणूस अजिबात वाईट नव्हता. त्याने मथळा वाचला होता, एवढंच. म्हणून या भागासाठी आम्ही मथळ्यामागचा कागद वाचायचं ठरवलं: 'वाडा'ने, म्हणजे वर्ल्ड अँटी-डोपिंग एजन्सीने, ट्रान्सजेंडर खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी काढलेली मार्गदर्शिका. भाषा कोरडी आहे. पण या विषयावर मी वाचलेल्या बऱ्याच लेखांपेक्षा ती शहाणी आहे, आणि जिथे चुकते तिथे तिचं चुकणंही बरंच शिकवून जातं.

आधी सूट म्हणजे काय ते बघू. तिचं नाव टीयूई, म्हणजे उपचारासाठी बंदी असलेलं औषध घ्यायची लेखी परवानगी. जुन्या वाड्याच्या बंद दरवाजात एक छोटा दिंडी दरवाजा असतो ना, वाकून एकेकट्याने आत जायचा, तसंच हे. पृथ्वी शॉ आठवा: 2019 मध्ये खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटलिन लघवीच्या चाचणीत सापडलं आणि आठ महिन्यांची बंदी आली. हे औषध खरंच गरजेचं असेल तर आधी अर्ज करायची सोय होती. सगळ्या खेळाडूंसाठी आहे ती. दमा, मधुमेह, एडीएचडी असलेले कितीतरी जण या दारातून जातात.

अर्जाच्या अटी साध्या आहेत. निदान झालेला आजार किंवा अवस्था हवी. औषधाने नेहमीच्या प्रकृतीवर येण्यापलीकडे जास्तीची ताकद मिळता कामा नये. परवानगी असलेला दुसरा योग्य पर्याय नसावा. आणि हा उपचार आधी चोरून घेतलेल्या द्रव्यामुळे लागलेला नसावा.

आता ट्रान्स पुरुषाचा विचार करा. त्याला टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि बंदीच्या यादीत त्याहून बदनाम नाव शोधून सापडणार नाही. इथे ही मार्गदर्शिका मला आवडते. दुसरा पर्याय नाही हे ती मान्य करते, रक्तातली पातळी इतर पुरुषांच्या मर्यादेत राहते का ते तपासायला सांगते, आणि संपते. एक शब्द मात्र खटकतो. नियमाची भाषा 'नेहमीच्या प्रकृतीवर परत येण्याची' आहे. जो माणूस तिथे कधी नव्हताच, तो परत कसा येणार? नियम लिहिताना समोर दम्याचा रुग्ण होता, हे त्या एका क्रियापदावरून कळतं.

यावर हमखास येणारा प्रश्न: चाळिशीतल्या एखाद्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन वयामुळे कमी झालं तर त्याला टीयूई मिळत नाही, मग ट्रान्स पुरुषालाच का? प्रश्न वाजवी आहे. वाडा वयामुळे किंवा वजनामुळे आलेली घट धरत नाही. पण वृषणं काढावी लागली असतील, किंवा अवयवातच दोष असेल, तर कुठल्याही पुरुषाला परवानगी मिळू शकते. ट्रान्स पुरुषाच्या शरीरात ते हार्मोन पुरेसं बनवणारा अवयव मुळातच नसतो. निकष एकच आहे.

ट्रान्स स्त्रीचं प्रकरण उलटं आहे, आणि पंगतीतला गोंधळ इथेच होतो. इस्ट्रोजेनवर बंदीच नाही, त्यामुळे त्याला सूटही लागत नाही. अडचण येते ती टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव रोखायला दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनची. याने ताकद वाढत नाही. पण ते लघवी वाढवतं, आणि अशी औषधं दुसरं द्रव्य लपवायला वापरता येतात, म्हणून सगळा गटच बंद आहे. 2003 च्या विश्वचषकातून शेन वॉर्न घरी गेला तो याच गटातल्या गोळीमुळे. (गोळी आईने दिली, असं त्याचं म्हणणं होतं. वर्षभराची बंदी टळली नाही.)

आता गंमत बघा. स्पायरोनोलॅक्टोन मुख्यतः अमेरिकेत दिलं जातं, कारण तिथे सायप्रोटेरॉनला मान्यताच नाही. युरोपात आणि आशियात सायप्रोटेरॉन सर्रास वापरतात, आणि ते बंदीच्या यादीत नाही. म्हणजे तीच खेळाडू, तोच उपचार, पण कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरकडे गेली तर अर्ज आणि इथल्या डॉक्टरकडे गेली तर कदाचित काहीच नाही. शिक्षण एका देशात आणि नोकरी दुसऱ्या देशात करणाऱ्या तुम्हाला-मला हे वेगळं समजवायला नको. शिवाय 'पर्याय नसावा' ही अट आहेच. सायप्रोटेरॉनचे मोठे डोस दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून 2020 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. मग तो 'योग्य पर्याय' आहे की नाही, हे कोण ठरवणार? डॉक्टर, की अर्ज तपासणारी समिती?

आणखी एक ओळ. जीएनआरएच गटातली काही औषधं यादीत फक्त 'पुरुषांसाठी' बंद आहेत. पुरुष म्हणजे कोण, हे यादी सांगत नाही. सिंगापूरमध्ये आयसीवरची लिंगनोंद 1973 पासून बदलता येते, पण शस्त्रक्रियेनंतरच. इथली अशी पहिली शस्त्रक्रिया 1971 मध्ये कंडांग करबाउ रुग्णालयात डॉ. रत्नम यांनी केली होती. वर्ल्ड ॲथलेटिक्स 2025 पासून महिला गटासाठी एसआरवाय जनुक तपासते. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन उत्तरं येऊ शकतात.

इथपर्यंत माझ्या तक्रारी किरकोळ आहेत. मोठी तक्रार वेगळीच आहे. खेळायला पात्र कोण, हा आमचा प्रश्न नाही, तो त्या-त्या खेळाच्या महासंघाचा, असं ही मार्गदर्शिका सांगते आणि हात झटकते. आणि महासंघांनी काय केलं? आयसीसीचा आधीचा नियम टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहायचा. सप्टेंबर 2023 मध्ये डॅनियल मॅकगाही कॅनडाकडून खेळली. नोव्हेंबरमध्ये आयसीसीने पुरुषी वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद केलं. अनाया बांगर, म्हणजे बीडच्या संजय बांगर यांची मुलगी, हिने 2024 मध्ये आपला हार्मोन उपचारांचा प्रवास जाहीरपणे मांडला तेव्हा तिच्यापुढे हाच नियम होता. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये करून घेतलेल्या चाचण्यांचा अहवाल तिने आयसीसी आणि बीसीसीआयला उद्देशून मांडला. तिची औषधं कायदेशीर आहेत की नाहीत, हा प्रश्न तिच्या प्रकरणात गैरलागू आहे. आयसीसीच्या नियमात औषधाने आता काही बदलतच नाही.

महासंघांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. उंची, हाडं, वयात येताना कमावलेले स्नायू हे नंतरच्या गोळ्यांनी पुसलं जात नाही, किंवा पुरेसं पुसलं जात नाही, असं ते म्हणतात. टीयूई हे मोजतच नाही. ते फक्त विचारतं की औषध जास्तीचं काही देतंय का. पण एकेका खेळाडूकडे, तिच्या कागदपत्रांसकट पाहायची डोपिंगवाल्यांची सवय महासंघांनी उचलली नाही, हे मला खुपतं.

आता आपलं गाव बघा. 2025 च्या उन्हाळ्यात जागतिक जलतरण स्पर्धा कलांगला झाली, आग्नेय आशियात पहिल्यांदाच. वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या 2022 च्या नियमानुसार ट्रान्स स्त्रीला महिला गटात पोहायचं तर वयात येण्याच्या अगदी सुरुवातीला, नाहीतर बाराव्या वर्षाआधी, यातलं जे नंतर येईल तोवर, पुरुषी वाढ थांबलेली हवी. सिंगापूरमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना अशा उपचारांसाठी पालकांची संमती लागते. बारा आणि एकवीस. या दोन आकड्यांच्या मधे सापडलेल्या मुलीने कुठे पोहायचं? खुल्या गटात, असं उत्तर मिळतं. ऑक्टोबर 2023 मध्ये बर्लिनच्या वर्ल्ड कपला तो गट ठेवला होता. एकही प्रवेशिका आली नाही.

ट्रान्स मुलगा असेल तर मात्र वाट आहे. राष्ट्रीय पातळीवर असेल तर अँटी-डोपिंग सिंगापूरकडे अर्ज, आंतरराष्ट्रीय असेल तर महासंघाकडे. तज्ज्ञांचे अहवाल, हार्मोनच्या चाचण्या, आधीचा सगळा वैद्यकीय इतिहास त्यात येतो. म्हणजे आई-बाबांनाही कदाचित पूर्ण माहीत नसलेली गोष्ट एका संगणकप्रणालीत जाते. 2016 च्या सप्टेंबरमध्ये हॅकर्सनी वाडाच्या याच प्रणालीतून टीयूईच्या नोंदी पळवल्या आणि जगासमोर टाकल्या. सिमोन बाइल्सला आपल्या एडीएचडीबद्दल लगेच जाहीरपणे बोलावं लागलं, आणि तिने ते ताठ मानेने केलं. पण तिच्यामागे चार ऑलिंपिक सुवर्णपदकं होती. इथल्या सतरा वर्षांच्या पोराची फाइल फुटली तर ती बातमी आधी शाळेत जाईल, मग ब्लॉकच्या लिफ्टमध्ये, आणि संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या मार्गदर्शिकेत डॉक्टरने काय-काय जोडायचं ते नीट सांगितलंय. फाइल फुटली तर त्या मुलाला फोन कोण करणार, हे मला त्यात कुठे सापडलं नाही.