मिनिडिस्क : आत जायची वाट, परतीची नाही

आमच्याजवळ खिशात मावणारे एक जुने मिनिडिस्क यंत्र आहे. कॅसेट आणि सीडी सर्वांना ठाऊक. ही तबकडी मात्र पुष्कळांनी पाहिलेलीही नसते. सोनी या जपानी कंपनीने १९९२ साली ती बाजारात आणली. जपानमध्ये ती रुजली, इतरत्र फारशी नाही. हे यंत्र म्हणजे भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडाच आहे. तो धडा आणि यंत्राचे अपयश, दोन्ही पाहण्यासारखे आहेत.

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, मिनिडिस्कचा ६४. तरी दोन्हींवर ७४ मिनिटांचे संगीत मावते. हे कसे? मिक्सर चालू असताना शेजारच्याची कुजबुज ऐकून पाहा. मोठा आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो. असे झाकले जाणारे बारकावे गाळून ‘अ‍ॅट्रॅक’ ही पद्धत माहिती सुमारे एक-पंचमांशावर आणते.

मुद्रणाची रीत तर फारच छान. तबकडीवरचा एक सूक्ष्म ठिपका लेसर किरण खालून सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. या क्युरी तापमानाला पदार्थ आपले चुंबकत्व सोडतो आणि निवताना वरच्या चुंबकाची दिशा धरतो. वाचताना धक्का बसला तरी गाणे अडखळत नाही, कारण काही सेकंदांचे संगीत आधीच स्मृतीत साठवलेले असते. नळ गेला तरी गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत राहते, तसेच हे.

मग इतके गुणी यंत्र मागे का पडले? एमपी३ यंत्रे आली, हे खरेच. पण आमच्या मते मोठा दोष भौतिकशास्त्रात नव्हता, धोरणात होता. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून घातलेली बंधने मालकाच्या स्वतःच्या मुद्रणालाही जाचू लागली. २००१ साली आलेल्या ‘नेटएमडी’ यंत्रांत संगणकातली गाणी तबकडीवर जात. पण स्वतः मायक्रोफोनवर घेतलेला आवाज त्याच तारेने संगणकात परत आणता येत नसे. तासाभराचे मुद्रण पुन्हा तासभर वाजवत उतरवून घ्यावे लागे. जुन्या तबकड्यांवरील अशी मुद्रणे थेट संगणकात नेणारे सोनीचे यंत्र २००६ साली आले. तोवर फार उशीर झाला होता. २०१३ मध्ये सोनीने यंत्रे बनवणे थांबवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या तबकड्याही.

आमचे यंत्र अजून चालते, आवाजही गोड आहे. पण ते बंद पडेल त्या दिवशी तबकड्या शाबूत असूनही मुक्या होतील. म्हणून शाळेत आजीबाईंच्या ओव्या किंवा मुलांची नाटके मुद्रित करून ठेवताना ‘आवाज किती स्वच्छ?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘तो येथून बाहेर कसा काढायचा?’ हा प्रश्न मुलांना आधी विचारायला शिकवू या.