आम्लात पाणी की पाण्यात आम्ल?

बोईसरच्या एका शाळेत नववीच्या मुलांसमोर आम्ही फळ्यावर एक साधे इंग्रजी वाक्य लिहिले : 'अ‍ॅड अ‍ॅसिड टू वॉटर.' याचा कर्मणी प्रयोग करा, असे म्हणताच वह्या भराभर उघडल्या. बऱ्याच जणांनी 'लेट अ‍ॅसिड बी अ‍ॅडेड टू वॉटर' असे अपेक्षित उत्तर लिहिले. काहींनी नामांची अदलाबदल केली : 'लेट वॉटर बी अ‍ॅडेड टू अ‍ॅसिड.' परीक्षेत या चुकीबद्दल एखादा गुण जाईल. प्रयोगशाळेत हात भाजेल. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना पुष्कळ उष्णता बाहेर पडते. भरपूर पाण्यात थोडे थोडे आम्ल सोडले, तर ही उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उलट आम्लावर पाणी ओतले, तर हलके पाणी वरच राहते, तेथल्या तेथे उकळते आणि आम्लाचे थेंब अंगावर उडवते.

पण आम्हाला अधिक खटकले ते पहिले, 'बरोबर' उत्तर. ते लिहिणाऱ्यांना आम्ही विचारले, "मग चंचुपात्रात आधी काय घ्यायचे?" वर्ग गप्प झाला. वाक्याचे रूप बदलले होते. वाक्य मात्र कोणी वाचलेच नव्हते.

आमचा आक्षेप आहे तो नेमका याला. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, तरी 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' हा प्रकार तसाच राहिला आणि गाइडांनी त्याचे सूत्र करून टाकले. 'लेट' घालून केलेली ही कर्मणी रूपे आम्ही बाटलीच्या लेबलवर किंवा यंत्राच्या माहितीपुस्तकात कधी पाहिलेली नाहीत. ती परीक्षेत जन्मतात आणि परीक्षेतच संपतात. ज्या व्याकरणाने अर्थ उलगडायचा, तेच अर्थाकडे न पाहता पार पाडायची क्रिया होऊन बसते.

खरे तर येथे सांगण्याजोगी गोष्ट फार सुंदर आहे. मराठीत 'पाण्यात आम्ल घाला' म्हणा की 'आम्ल पाण्यात घाला' म्हणा, काम तेच होते. कारण 'त' हा प्रत्यय पाण्याला चिकटलेला आहे आणि पाणी जाईल तेथे तो बरोबर जातो. इंग्रजी नामाला असा प्रत्यय लागत नाही. तेथे 'टू' हे अव्यय नामाच्या आधी उभे असते आणि कोणते नाम क्रियापदाच्या पाठोपाठ येते, यावर अर्थ ठरतो. नामांची जागा बदलली की कृतीच बदलते. हे एकदा कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

'अनलेस'चेही असेच. 'दाब शून्य झाल्याशिवाय झाकण उघडू नका', किंवा 'जोपर्यंत दाब शून्य होत नाही तोपर्यंत उघडू नका', असे आपण म्हणतो. दुसऱ्या वाक्यातला 'नाही' मुलांच्या कानात असतो, म्हणून ती 'अनलेस द प्रेशर इज नॉट झीरो' असे लिहून जातात आणि सूचना उलटी होते. 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' दडलेला आहे, एवढे सांगणारा धडा मात्र क्वचितच भेटतो. उपपदांबाबत 'अ‍ॅन' कधी लावावे याची घोकंपट्टी होते. पण 'क्लोज अ व्हॉल्व्ह' म्हणजे कोणताही एक आणि 'क्लोज द व्हॉल्व्ह' म्हणजे तोच, ठरलेला, हा कामाचा फरक बाजूला राहतो.

शब्दांच्या याद्यांचीही तीच कथा. 'इन' हा उपसर्ग नकारार्थी, असे मुले शिकतात : 'इनकरेक्ट', 'इनव्हिजिबल'. मग टँकरवरच्या 'हायली इनफ्लेमेबल'चा अर्थ काय? यातला 'इन' नकाराचा नाही. शब्द लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदापासून आला आहे, म्हणून अर्थ होतो 'सहज पेट घेणारे'. हा घोटाळा फक्त आपल्या मुलांचा नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकापासूनच त्याऐवजी 'फ्लेमेबल' वापरावे असा आग्रह धरला. 'क्रिटिकल' हा शब्द घ्या. रोगी 'क्रिटिकल' असला की घरचे घाबरतात. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा चौथा संच २००५ साली 'क्रिटिकल' झाला, तेव्हा मात्र ती आनंदाची बातमी होती. कारण अणुभट्टीत याचा अर्थ शृंखला अभिक्रिया स्वतःच्या बळावर स्थिर चालू लागणे. शब्दाचा अर्थ यादीत नसतो, तो वापरात असतो.

येथे तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'ची आठवण होते. तिच्यातल्या संदर्भहीन वाक्यांची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पण दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची तिची दृष्टी मोलाची होती. २००० साली महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले. तास वाढले, पण ही तुलना वाढली नाही. पालघर जिल्ह्यात तर तुलना आणखी एक पायरी मागे न्यावी लागेल. घरी वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीही शिकावीच लागते. "तुमच्या घरी हे कसे म्हणतात?" हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला शोभणारा आहे.

यातली कित्येक मुले उद्या आय.टी.आय. करून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या पिंपांजवळ उभी राहणार आहेत. तेथील अपघातांचे खापर आम्ही व्याकरणावर फोडत नाही. कामगाराला समजेल अशा भाषेत सूचना लावणे ही कारखान्याचीच जबाबदारी. १९४८ च्या कारखाने कायद्यातही इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत सूचना लावण्याची तरतूद होती. पण पिंपावरचे लेबल पुष्कळदा इंग्रजीतच येते, आणि ते वाचायची वेळ आली की शेजारी गाइड नसते.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती मोठी नाही. वाक्यरूपांतर परीक्षेसाठी करून घ्यावेच लागेल, मात्र प्रत्येक रूपांतरानंतर एक प्रश्न विचारावा : "हे वाचून तुझा हात आता काय करील?" औषधाची चिठ्ठी, कीटकनाशकाची बाटली, रस्त्यावरचा टँकर यांवरची वाक्ये वर्गात आणावीत आणि शेजारी त्यांची मराठी लिहावी. इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी महिन्यातून एक तास एकत्र घेतला, तर त्याहून उत्तम.

त्या दिवशी शेवटी आम्ही मुलांना फळ्यावरचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले आणि रिकामे चंचुपात्र पुढे ठेवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, काही न बोलता नळाकडे गेली आणि त्यात पाणी भरून घेऊन आली. त्या तासातले व्याकरणाचे सर्वांत अचूक उत्तर आम्हाला तेच वाटले.